सतरा अंश आणि एक किलो मिरची

"कोणी केलं हे एकवीस? मी विचारतोय, कोणी केलं एकवीस?"

बैठकीच्या खोलीतल्या थर्मोस्टॅटसमोर उभा राहून मी ओरडत होतो. आवाज एवढा, की आइंडहोवनमधल्या आमच्या गल्लीत पाचव्या घरातल्या मांजरानं उडी मारून सहाव्या घरात आसरा घेतला आणि तिथेच संसार थाटला. वरच्या मजल्यावर लॅपटॉपसमोर मीटिंगला बसलेल्या बायकोनं जमिनीवर दोनदा टाच आपटली. आमच्या घरात म्यूट होण्याची तीच खूण होती.

"मी केलं," स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या. "आणि ओरडू नका, जावईबापू. तोंड एवढं उघडं ठेवलं की आतली ऊब जाते."

सासूबाई जळगावच्या. मे महिन्यात जळगावात गच्चीवर घातलेला पापड वाळत नाही, थेट भाजूनच निघतो. आणि भर दुपारी रस्त्यात अंडं पडलं तर पिल्लू बाहेर येऊन पहिलं पाणी मागतं. हे मी म्हणत नाही, त्या म्हणतात. अशा मुलखातून ही बाई महामारीच्या दुसऱ्या हिवाळ्यात लेकीकडे आली. दोन वर्षं मायलेकी एकमेकींना फोनच्या पडद्यावरच बघत होत्या, आणि त्यातही सासूबाईंचं कपाळच तेवढं दिसायचं. शेवटी लशीचे दोन डोस, चार फॉर्म, नाकात काडी आणि सामानात अडीच किलो मसाले असा सगळा सरंजाम करून त्या आल्या. मुक्काम तीन महिन्यांचा ठरला. त्या आल्या आणि पुढच्या काही आठवड्यांत इथली दुकानं, हॉटेलं, सगळं पुन्हा बंद झालं. म्हणजे बघायला उरलं काय, तर आमचं घर. आणि घरात होते सतरा अंश.

सतरा का, तेही सांगतो. आमचा गॅसचा जुना करार त्याच वेळी संपला आणि नव्या दराचं पत्र आलं. मी ते वाचलं, उलटं धरून वाचलं, मग बायकोला वाचायला दिलं आणि तेवढ्या वेळात जाऊन खोल्या तापवणारे गरम पाण्याचे सगळे रेडिएटर एकेक करून बघून आलो, जणू तेच रात्रीतून गॅस पिऊन बसलेत. त्या दिवशी मी हुकूम काढला : थर्मोस्टॅट सतरावर. ज्याला थंडी वाजेल त्यानं स्वेटर घालावा. ज्याला अजून वाजेल त्यानं जिने चढावेत-उतरावेत.

सासूबाईंनी स्वेटर घातला. त्यावर दुसरा घातला. साडीच्या आत माझी ट्रॅकपँट, पायात माझेच फुटबॉलचे मोजे, डोक्याला मफलर, खांद्यावर शाल, आणि शालीवर बायकोच्या लग्नातला शालू, कारण "जरीत ऊब असते". त्या जिन्यावरून उतरायला लागल्या की आधी जिना भरून जायचा आणि मग त्या दिसायच्या. एकदा त्या सोफ्यावर बसल्या असताना मी त्यांना ब्लँकेटांचा ढीग समजून त्यांच्यावर कपडे वाळत घातले होते. त्यांनीही तक्रार केली नाही. म्हणाल्या, "असू द्या, ओले आहेत, पण वजन आहे."

खरी गोम त्यांच्या खोलीत होती. पाहुण्यांची खोली पोटमाळ्यावर. खाली बैठकीत सतरा असले तरी वर मात्र वेगळाच देश होता. खोबरेल तेलाची बाटली दगड झाली होती, हे तर झालंच. पण एकदा त्यांनी अंगारा लावायला डबी उघडली, तर अंगारा गोठून त्याचा खडाच बोटाला चिकटून आला. जप करताना एकशे आठ मणी ओढायला त्यांना सव्वा तास लागायचा, कारण बोटं दर दहा मण्यांनी काखेत घालून गरम करावी लागायची. म्हणून त्या गुपचूप खाली येऊन थर्मोस्टॅट एकवीसवर करायच्या. त्यांचा हिशोब साधा होता : खाली एकवीस झाले तर वर निदान चौदा तरी पोचतील. पोचत मात्र काहीच नव्हतं. खाली बैठकीत मी बनियनवर यायचो आणि वर त्या तशाच शालूत.

"वर कुणीतरी हुक्का पण ओढतं," त्या म्हणाल्या. "भिंतीतून गुडगुड, गुडगुड. आधीच्या भाडेकरूंपैकी कुणी राहिलाय का बघा."

"आई, तो पाइपचा आवाज. जुनी घरं आहेत."

"घर जुनं असू दे. पण मी काय म्हणते, हे असंच राहणार असेल तर मी पुढच्या आठवड्यातच जाते. तिकीट बदलून द्या. अजून दीड महिना मी या फ्रिजात काढला तर मला घरी न्यायला फुलांचे हार लागतील."

हे ऐकून माझ्या बायकोचा चेहरा जो उतरला, तो मी विसरलो नाही. आई झोपायला गेल्यावर मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "दोन वर्षांनी आलीये ती. पुन्हा कधी विमानं बंद होतील कुणाला माहीत. तू इंजिनिअर आहेस ना?"

"आहे."

"उष्णतेचाच आहेस ना?"

"आहे."

"मग आई थंडीमुळे परत गेली, तर ते मी तुझ्या नावावर मांडणार. जन्मभर."

इथे मला माझ्या नोकरीबद्दल थोडं सांगायला हवं. चिप बनवायच्या यंत्रात मी तापमान सांभाळतो. सगळं यंत्र घराएवढं, आणि त्यातला एक भाग जरा कुठे, म्हणजे डासानं त्याच्याजवळ उसासा टाकल्याइतका जरी तापला, तर अख्ख्या इमारतीत घंटा वाजतात आणि सात देशांतले लोक मला फोन करतात. असा मी. जगाला अंशाचा सूक्ष्म तुकडा सांभाळून देणारा माणूस. आणि सासू पोटमाळ्यावर गोठते आहे! माझी इज्जत आणि मायलेकींचा दीड महिना, दोन्ही त्या पोटमाळ्यावर टांगले होते.

मी निदान केलं : घर गळतंय. उष्णता निर्माण होते आहे, पण फटींतून बाहेर पळते आहे. म्हणजे फटी शोधा, बुजवा, संपलं. ऑफिसात फटी शोधायला मोठमोठे कॅमेरे असतात. घरात मी उदबत्ती घेतली. उदबत्तीचा धूर सरळ वर गेला तर फट नाही. वाकला तर तिथे वारा येतो. एकदम शास्त्रीय पद्धत. मी पेटवलेल्या दोन उदबत्त्या घेऊन प्रत्येक खिडकीच्या चौकटीवरून सावकाश फिरवू लागलो. कोपऱ्यात थांबायचो, वर-खाली करायचो, मग पुढच्या खिडकीकडे.

मागून घंटा वाजली.

बघतो तर सासूबाई देव्हाऱ्यातली घंटा घेऊन माझ्या मागे. डोळे मिटलेले. म्हणाल्या, "थांबलात का? चालू द्या. उशिरा का होईना, सुचलं तरी."

त्यांना मधेच कसं सांगणार? मी खिडक्या केल्या, मागचं दार केलं, आणि शेवटी पुढच्या दारातल्या पत्रपेटीच्या फटीसमोर गुडघ्यांवर बसून तिला ओवाळलं. तिथे धूर आडवा झाला. सासूबाईंनी पत्रपेटीला नमस्कार केला. आमच्या गल्लीत कुणी खिडक्यांना पडदे ओढत नाहीत, त्यामुळे हा सोहळा बाहेरून सगळ्यांना दिसत होता. शेजारच्या आजी, वय ऐंशीच्या पुढे, थंडीत अर्ध्या बाह्यांत सायकल मारणाऱ्या, त्या आमच्या फाटकाशी सायकल टेकवून बराच वेळ उभ्या होत्या, आणि जाताना त्यांनीही मान किंचित झुकवली.

दुसऱ्या दिवशी मी सामान मागवलं. दुकानं बंद होती, पण ऑनलाइन मागवून दुकानाच्या दारातून पिशवी उचलता यायची. पिशवीत रबरी पट्ट्यांची बारा भेंडोळी होती. सासूबाईंनी एक उचलून चष्म्यातून लेबल वाचलं. अक्षरं इंग्रजी, शब्द डच.

"टी, ओ, सी, एच, टी. टोच... टोचट. काय टोचतं हो?"

"वारा, आई. फटीतून येणाऱ्या वाऱ्याला इथे तसं म्हणतात. ही त्याला अडवायची पट्टी."

सासूबाईंनी भेंडोळं खाली ठेवलं आणि पहिल्यांदा या देशाकडे आदरानं पाहिलं. "बरोबर नाव ठेवलंय. टोचतोच तो."

खरा उच्चार वेगळा आहे, मधे घसा खरवडावा लागतो, पण त्या दिवसापासून आमच्या घरात आम्ही वाऱ्याला टोच म्हणायला लागलो. "दार लाव, टोच येते." "जिन्यात टोच आहे, मोजे घाल." "आज न्हाणीघरातली टोच मेलेली दिसते."

मग मी पेटलो. बारा भेंडोळी लावली, अजून बारा आणली. दारं अशी घट्ट झाली की उघडताना बाटलीचं बूच काढल्यासारखा आवाज यायचा आणि लावताना कानात दडे बसायचे. रेडिएटरच्या मागच्या भिंतीला चंदेरी कागद लावला, म्हणजे उष्णता भिंतीत न जाता खोलीत परत येते. हे खरंच आहे, पुस्तकात आहे. सासूबाई म्हणाल्या, "पोळ्या गुंडाळायचा कागद भिंतीला? मग पोळ्या काय भिंतीत गुंडाळू?" खिडक्यांना पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवलं आणि बायकोच्या हेअर ड्रायरनं ते आवळलं. ते इतकं ताणलं गेलं की बाहेर वारा सुटला की बैठकीची खिडकी ढोलकीसारखी वाजायची. एका संध्याकाळी सासूबाईंनी तिच्यावर बोटांनी ठेका धरला आणि पलीकडच्या फुटपाथवर एक माणूस सायकल थांबवून नकळत कंबर हलवू लागला.

पत्रपेटीत सासूबाईंनी माझे जुने मोजे कोंबले. त्यामुळे पोस्टमनशी युद्ध सुरू झालं. तो बाहेरून पत्र ढकलायचा, आतून मोज्याचा अंगठा बाहेर यायचा. तो मोजा आत ढकलायचा, दुसरा बाहेर. चौथ्या दिवशी पायरीवर आमची सगळी पत्रं आणि त्यांच्यावर नीट गुंडाळी करून ठेवलेले सहा मोजे सापडले. एक मोजा त्याचा होता. आमचाच समजून टाकला असावा बिचाऱ्यानं, किंवा शरणागतीची खूण.

आणि आता कबुली. खिडक्यांच्या वर लांबट जाळ्या असतात, हवा खेळती राहावी म्हणून. त्यांतून टोच यायची. मी त्यांवर टेप मारला. स्वयंपाकघराच्या छताला हवा बाहेर ओढणारं एक गोल तोंड असतं. तिथूनही टोच येते असं मला वाटलं. मी तिथे पिझ्झाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून चिकटवला. त्या दिवसांत रेडिओ, टीव्ही, ऑफिसची ईमेल, जो तो एकच सांगत होता की साथ आहे, घरात हवा खेळती ठेवा. मी ऐकत होतो. पण मला वाटायचं, हे इतरांसाठी आहे. ज्यांच्याकडे सासूबाई नाहीत, त्यांच्यासाठी.

पोटमाळा? पोटमाळा तसाच. दोन आठवड्यांच्या मेहनतीनंतर मी विजयी मुद्रेनं वर गेलो, तर सासूबाई शालूवर बायकोची योगासनांची चटई गुंडाळून बसलेल्या. पोळीत भाजी असते तशा. फक्त डोळे बाहेर.

"फरक आहे ना, आई?" मी विचारलं.

"आहे," त्या म्हणाल्या. "आधी थंडी होती. आता कोंडलेली थंडी आहे." आणि मग लेकीला हाक मारली, "अगं, ऐक. लाव फोन. पुढच्या आठवड्यातलं मिळतं का बघ."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मांडून झालं होतं.

सकाळी दहाला तिनं विमान कंपनीला फोन लावला. पलीकडून बासरी सुरू झाली. तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि पुन्हा बासरी. ती फोन स्पीकरवर ठेवून, डोळे पुसत, आईची बॅग काढायला लागली. मी शेवटचा उपाय म्हणून पोटमाळ्याच्या कौलांतल्या खिडकीला दुहेरी प्लास्टिक लावत होतो. आणि सासूबाई? आई जेव्हा लेकीचं घर सोडून निघते तेव्हा जे करते, तेच. मागे वर्षभराचा मसाला करून ठेवायचा. त्यांनी सर्वांत मोठी कढई काढली, खाली पूर्ण आच केली, आणि जळगावहून आणलेली एक किलो लवंगी मिरची तीत ओतली.

जळगावात हे काम अंगणात होतं. अंगणात, वारा बघून, आणि तरी शेजारचे लोक गावाला निघून जातात. इथे ते एका अशा घरात सुरू झालं, ज्यात मुंगीला श्वास घेण्याएवढीही फट मी स्वतःच्या हातांनी ठेवली नव्हती.

पहिल्यांदा मला शिंक आली. एकच. मग दुसरी शिंक पहिलीच्या पाठीवर बसून आली. मग ठसका. मी शिडीवरून खाली बघितलं तर जिन्यातून एक तांबूस ढग वर येत होता, अगदी सावकाश, पायरी पायरी चढत, एखादा जाडा पाहुणा यावा तसा. त्यामागून बायकोचा आवाज, "आ... आई... काय... ठूस ठूस... काय करतेस?" आणि सासूबाईंचा, "काही नाही, मिरच्या... ख्खॉक... भाजते... ख्खॉक... दार उघडा!"

दार उघडेना. इतकी पट्टी लावली होती. आम्ही तिघं मिळून ढकललं. बूच उडाल्यासारखं दार उघडलं आणि आम्ही तिघं बागेतल्या झुडपात. मागून घरानं एक लांब ढेकर दिली. मी शपथेवर सांगतो, त्या ढगानं फाटक ओलांडलं, डावीकडे-उजवीकडे पाहिलं आणि सायकलच्या रस्त्यानं, नियमानं उजव्या बाजूनं, शहराकडे निघून गेला.

आता त्या दिवसांत, भर दुपारी, फुटपाथवर एक कुटुंब उभं राहून एकसुरात खोकतंय, म्हणजे काय दिसत असेल? समोरच्या घरांचे पडदे, जे घरं बांधली तेव्हापासून कुणी ओढले नव्हते, ते सर्रकन ओढले गेले. एक सायकलवाला आम्हाला बघून हवेतच वळला. एक कुत्रा आपल्या मालकाला ओढत घेऊन गेला. आणि नेमकी तेव्हाच, बायकोच्या हातातल्या फोनमधली बासरी थांबली.

"नमस्कार, आपली काय मदत करू शकते?"

"मला माझ्या आईचं... ख्खॉक ख्खॉक... तिकीट..."

"मॅडम, आपल्याला खोकला आहे का?"

"मला नाही, आईला... म्हणजे सगळ्यांनाच... ठूस..."

"ख्खॉक," मागून सासूबाईंनी दुजोरा दिला. मीही दिला. माझ्याच्यानं राहवलं नाही.

"मॅडम, अशी लक्षणं असताना मी प्रवासाची तारीख अलीकडे आणू शकत नाही. चाचणी करून घ्या. काळजी घ्या." आणि फोन बंद. तीन तासांची बासरी पाण्यात.

बायको फोनकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. डोळ्यांतून मिरचीचं पाणी, नाकातून तेच, आणि वर हसू. मी तिचं हसणं बघून हसणार, तेवढ्यात शेजारच्या आजी आल्या. अर्ध्या बाह्या. तोंडावर मास्क. हातात लांब दांड्याचा झाडू, दीड मीटर अंतर मोजायला. झाडू आमच्याकडे रोखून त्या इंग्रजीत म्हणाल्या, "डॉक्टर बोलावू का?"

"मिरची," मी म्हणालो. "फक्त मिरची."

त्यांनी नाक वर करून हुंगलं, एकदा शिंकल्या आणि पटलं. मग आमचं सताड उघडं दार, त्यामागचं, मी कढई उतरवायला आत शिरलो तेव्हा उघडलेलं मागचं दार, सगळ्या खिडक्यांवर फडफडणारं प्लास्टिक बघून, सवयीनं, अगदी तक्रारीच्या सुरात डचमध्ये म्हणाल्या, "हेट टॉख्त!"

"टोचतं ना?" सासूबाई मराठीत कडाडल्या. "टोचतं! मग मी काय महिनाभर सांगतेय?"

"टॉख्त," आजींनी मान हलवली.

"टोचतं!" सासूबाईंनी दोन्ही हातांनी आपले गारठलेले कान धरून दाखवले. "वर. माझ्या खोलीत. फार टोचतं." आणि बोटानं पोटमाळा.

आजींना मराठीचा एक शब्द येत नव्हता. तरी त्या झाडू फाटकाला टेकवून म्हणाल्या, "दाखवा."

घर आता एवढं हवेशीर होतं की आत जायला काही हरकतच नव्हती. सासूबाई पुढे, आजी त्यांच्यापासून पाच पायऱ्या मागे, मी त्यांच्यामागे, माझ्या पट्ट्या, माझा चंदेरी कागद, माझं उष्णतेचं गणित सगळं इंग्रजीत समजावत. पोटमाळ्यावर आजींनी माझं काहीही न ऐकता रेडिएटरला हात लावला. खाली लावला. वर लावला. परत खाली.

"खाली कोमट आहे. वर गार आहे," त्या म्हणाल्या.

"हो, कारण कौलांतून उष्णता..."

"आत हवा आहे."

"हो, घरात टोच बरीच..."

"घरात नाही. यात." त्यांनी रेडिएटरवर टिचकी मारली. आत गुडगुड झालं. "ही हवा गरम पाण्याला वर चढू देत नाही. तुमच्या-माझ्या घराची भिंत एकच आहे. दोन वर्षं मी हे ऐकते आहे. त्या दिवशी तुम्ही पत्रपेटीची पूजा करत होतात, तेव्हा मला वाटलं हा आवाजही त्यातलाच असेल. म्हणून बोलले नाही. दुसऱ्याच्या धर्मात कशाला पडा?"

त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. घराची, सायकलची, आणि त्यांत एक बोटभर, चौकोनी तोंडाची पितळी किल्ली. सासूबाईंकडे वाटी मागितली, म्हणजे हाताची वाटी करून दाखवली. सासूबाईंनी नैवेद्याची वाटी दिली. आजींनी ती रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्याशी धरली आणि किल्ली जराशी फिरवली.

फुस्स्स्स.

किती वेळ ती हवा निघाली म्हणून सांगू? तुम्ही हसाल. आधी थंड हवा निघाली, मग जरा उबदार, मग मला वाटतं गेल्या शतकातली निघाली, कारण तिला कोबीचा आणि पाइपाच्या तंबाखूचा वास होता. सासूबाई म्हणाल्या, "बघा, म्हटलं नव्हतं हुक्का?" मधे मला एक ऑफिसचा फोन येऊन गेला, मी खाली जाऊन चहा टाकला, चहा झाला, वर आणला, तरी फुस्स चालूच. मग एकदम फुरफुर करून काळं पाणी वाटीत पडलं आणि आजींनी किल्ली बंद केली. पाणी तापवणारा बॉयलर पोटमाळ्यावरच होता, त्याला नळीनं थोडं पाणी पाजलं, दाबाची सुई वर आली. आणि पंधरा मिनिटांत, खाली थर्मोस्टॅट सतरावरच असताना, सासूबाईंनी शालू काढला. मग शाल. मग एक स्वेटर. खोबरेल तेलाच्या बाटलीत बुडाशी एक थेंब हलला.

आजी निघाल्या. जाताना स्वयंपाकघराच्या छताचा पिझ्झाचा पुठ्ठा झाडूच्या दांड्यानं पाडला, तो माझ्या डोक्यावर पडला, आणि आपली किल्ली सासूबाईंच्या तळहातावर ठेवून गेल्या. म्हणाल्या, घरी अजून एक आहे.

आता माझी बाजू कुणी घ्यायची? बायको वर आईच्या खोलीत, रेडिएटरला पाठ लावून बसलेली. मी दारात उभा राहिलो आणि बोलायला लागलो. म्हटलं, हे एका किल्लीचं काम समजू नका. मुळात घर बंदिस्त केलं नसतं तर ही उष्णता टिकली असती का? चंदेरी कागद आहे, पट्ट्या आहेत, प्लास्टिक आहे, आणि या सगळ्या व्यवस्थेत ती हवा म्हणजे अगदी किरकोळ, शेवटची, जवळपास दुर्लक्ष करण्याजोगी बाब होती. आमच्या ऑफिसातसुद्धा आधी मोठ्या गोष्टी बघतात आणि मगच... मी चांगली दहा मिनिटं बोललो. उष्णतेचे तिन्ही मार्ग समजावले. मधे दोनदा शिंकलो.

बोलून झाल्यावर बायको आईकडे वळली. ती आईला म्हणाली, "मग, आई? उद्या परत फोन लावू का? तिकिटासाठी?"

सासूबाई माझ्याकडेच बघत होत्या. मुठीत किल्ली होती.

"तिकीट राहू दे आहे त्या तारखेचं," त्या म्हणाल्या. "जावईबापूंना खाली जायला सांग. दार उघडं आहे, आतली ऊब जाते."